सुजाताची खीर आणि आपला मोह

वैशाखी पौर्णिमेला आपण खीरदान का करतो? उपोषणाने क्षीण झालेल्या सिद्धार्थ गौतमांनी सुजाताची खीर स्वीकारली. शरीर झिजवून ज्ञान मिळत नाही, हाच मध्यम मार्गाचा धडा होय. श्रीलंकेत शुभप्रसंगी नारळाच्या दुधातला 'किरिबत' भात करतात. चीनमध्ये बाराव्या चांद्रमासाच्या अष्टमीला, बोधिप्राप्तीच्या स्मरणार्थ, धान्य-कडधान्यांची 'लाबा' पेज वाटतात.

आपल्या एटापल्लीच्या जंगलात गोडवा आहे मोहफुलांचा. तीच फुले सडवली की दारू होते. वाळवून, भाजून, तीळ-गुळासह कुटली की लाडू होतात. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे आणि पाचवे शील आपण प्रत्येक वंदनेत म्हणतो. ते आचरणात यावे म्हणून खिरीशेजारी मोहाच्या लाडवांची परातही ठेवू या.