मत्स्यजिऱ्यांचे पहिले खाद्य

बियाण्यातील अन्नसाठा ज्याप्रमाणे कोंभास काही दिवस पुरतो, त्याचप्रमाणे अंड्यातून बाहेर पडलेल्या माशाच्या पिलास पोटाखालील बलकाचा साठा पुरतो. कटला, रोहू व मृगळ यांच्या पिलांचा हा साठा सुमारे तीन दिवसांत संपतो. त्यानंतर बाहेरचे खाद्य वेळेवर न मिळाल्यास पिलू इतके क्षीण होते की, पुढे खाद्य समोर आले तरी त्यास ते टिपता येत नाही.

नॉर्वेचे शास्त्रज्ञ योहान यॉर्ट यांनी १९१४ मध्ये कॉड व हेरिंग या सागरी माशांविषयी हाच विचार मांडला. एखाद्या वर्षीची पैदास भरभराटीस येते व दुसऱ्या वर्षीची नष्ट होते, याचे कारण पिलांना पहिले खाद्य योग्य वेळी मिळण्या-न मिळण्यात असावे, असे त्यांचे अनुमान होते. समुद्रात ही वेळ साधणे मनुष्याच्या हाती नाही; संगोपन तळ्यात मात्र ती साधता येते.

तळ्यातील अन्नसाखळी

शेणखत पाण्यात कुजले म्हणजे त्यावर सूक्ष्म जंतू वाढतात व त्यातून सुटलेल्या क्षारांवर वनस्पती-प्लवंग पोसले जातात. या दोहोंवर रोटिफर, मोइना व डाफ्निया यांसारखे प्राणी-प्लवंग वाढतात. मोठेपणी कटला पृष्ठभागाजवळ, रोहू मधल्या थरात व मृगळ तळाशी चरतो. परंतु जिऱ्यांच्या अवस्थेत तिघांचेही मुख्य खाद्य प्राणी-प्लवंगच होय.

पूर्वतयारी

पाच गुंठ्यांच्या तळ्यास जिरे सोडण्यापूर्वी सुमारे पंधरा दिवस ५०० किलो ताजे शेण द्यावे. मोहाची पेंड वापरून नको असलेले मासे मारले असतील, तर निम्मे शेण पुरते. कारण ती पेंडही पुढे खताचे काम करते. मात्र तिचे विष उतरण्यास दोन-तीन आठवडे लागतात, हे ध्यानात ठेवावे.

खाद्य तयार झाले की नाही, हे अंदाजाने ठरवू नये. तळ्यातील निरनिराळ्या जागांचे मिळून ५० लिटर पाणी बारीक रेशमी जाळीतून गाळावे. तळाशी १ ते २ मिलिलिटर प्लवंग जमल्यास तळे योग्य समजावे.

खतामुळे पाणकिडेही वाढतात व ते जिऱ्यांचा फडशा पाडतात. म्हणून जिरे सोडण्यापूर्वी १२ ते २४ तास, वारा नसताना, सुमारे ९०० ग्रॅम धुण्याचा साबण व २ किलो ८०० ग्रॅम स्वस्त वनस्पती-तेल यांचे मिश्रण पाण्यावर शिंपडावे. तेलाच्या थरामुळे श्वास कोंडून हवेसाठी वर येणारे किडे मरतात.

जिरे सोडणे व पूरक खाद्य

या तळ्यात दीड ते अडीच लाख जिरे सकाळच्या थंड वेळी सोडावेत. अधिक सोडल्यास प्लवंग लवकर संपतात. भुईमुगाची पेंड व भाताचा कोंडा समभाग घेऊन वस्त्रगाळ करावा. एक लाख जिऱ्यांमागे पहिले पाच दिवस रोज ६०० ग्रॅम व पुढे रोज १,२०० ग्रॅम, सकाळ-संध्याकाळ विभागून द्यावे. हे खाद्य प्लवंगांस पूरक आहे. त्यांची जागा ते घेऊ शकत नाही.

अशा रीतीने १५ ते २० दिवसांत २० ते २५ मिलिमीटर लांबीचे मत्स्यबीज तयार होते. जिरे आणल्यावर खताचा विचार करणाऱ्याचे तळे रिकामे राहते. म्हणून ग्रामसेवकांनी जिऱ्यांची मागणी नोंदविण्यापूर्वी तळ्यात शेण पडले आहे काय, हे प्रत्यक्ष पाहावे.