चंद्रपूरची वीज आणि बाबासाहेबांची कसोटी

आपल्या वसतिगृहात सायंकाळची वंदना आटोपली की अभ्यासिकेचे दिवे लागतात. त्या दिव्यांखाली एकाच बाकावर कोळसा खाणीतील कामगाराचा मुलगा आणि गडचिरोलीच्या दुर्गम गावातून आलेली मुले शेजारी-शेजारी बसतात. एका सायंकाळी इतिहासाचा पाठ चालू असताना दिवे गेले. अंधारात जंगलातून आलेल्या एका मुलाने विचारले, "सर, वीज तर आपल्याच जिल्ह्यात तयार होते, मग आमच्याच गावात ती दोन-दोन दिवस का नसते?" त्या वेळी आम्ही जे उत्तर दिले ते अपुरे होते. या स्मरणिकेच्या निमित्ताने तो पाठ पूर्ण करण्याचा हा प्रयत्न आहे.

श्रममंत्री बाबासाहेब आणि वीज

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपण संविधानाचे शिल्पकार म्हणून ओळखतो. 16 ऑक्टोबर 1956 रोजी याच चांदा नगरीत त्यांनी धम्मदीक्षा दिली, हे तर आपल्या घराघरांत ठाऊक आहे. परंतु जुलै 1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रममंत्री होते आणि पाटबंधारे व वीज हे विषय त्यांच्याच खात्याकडे होते, याची आठवण क्वचितच काढली जाते.

25 ऑक्टोबर 1943 रोजी सार्वजनिक बांधकाम व वीज यांसंबंधीच्या धोरण समितीच्या पहिल्या बैठकीत त्यांनी अध्यक्षीय भाषण केले. स्वस्त आणि मुबलक वीज मिळाल्याखेरीज या देशाचे औद्योगिकीकरण यशस्वी होणार नाही, आणि औद्योगिकीकरणाखेरीज येथील जनता दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटणार नाही, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. हा विचार त्यांना अचानक सुचलेला नव्हता. 1918 साली लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर लिहिलेल्या निबंधातच त्यांनी शेतीवरील माणसांचा भार उद्योगधंद्यांकडे वळविण्याचा उपाय मांडला होता. ज्यांच्या वाट्याला जमीनच नाही, त्या समाजासाठी कारखाना म्हणजे गावकीच्या बंधनातून बाहेर पडण्याचा दरवाजा होता, आणि वीज ही त्या दरवाजाची किल्ली होती.

त्यांच्याच कारकिर्दीत 1944 मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले आणि दामोदर खोरे योजनेची पायाभरणी झाली. डिसेंबर 1943 मध्ये ते स्वतः धनबाद परिसरातील कोळसा खाणीत उतरले व कामगारांची स्थिती त्यांनी डोळ्यांनी पाहिली. पुढच्याच वर्षी कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला. वीज आणि ती निर्माण करणारा माणूस या दोहोंचा विचार त्यांनी एकत्र केला, हे येथे ध्यानात ठेवावयाचे आहे.

कोळशापासून दिव्यापर्यंत

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. वर्धा खोऱ्यातील कोळसा आणि इरई धरणाचे पाणी या दोन आधारांवर चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्र उभे राहिले. ऑगस्ट 1982 मध्ये गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि 1983 मध्ये या केंद्राचा पहिला संच सुरू झाला. पुढे संच वाढत गेले. 2016 मध्ये आठवा व नववा संच कार्यान्वित झाला. जुने झालेले पहिले दोन संच बंद केल्यानंतर आज 210 मेगावॅटचे दोन आणि 500 मेगावॅटचे पाच, अशी एकूण 2920 मेगावॅट क्षमता तेथे आहे.

या केंद्राचे कार्य समजण्यास अवघड नाही. कोळसा गिरणीत दळून पिठासारखा बारीक केला जातो आणि हवेच्या झोताने बॉयलरमध्ये फुंकला जातो. बॉयलरच्या भिंती म्हणजे पाण्याने भरलेल्या नळ्याच असतात. त्या पाण्याची वाफ होते. ती सुमारे 540 अंश सेल्सिअसपर्यंत तापवून टर्बाइनच्या पात्यांवर सोडली जाते. टर्बाइन मिनिटाला 3000 फेरे घेते व त्याला जोडलेले जनित्र वीज निर्माण करते. 1831 मध्ये मायकेल फॅरेडे यांनी चुंबक आणि तारेचे वेटोळे घेऊन जे तत्त्व सिद्ध केले, तेच येथे प्रचंड आकारात काम करते. वापरलेली वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी केले जाते. दुरून दिसणाऱ्या कमरेत बारीक अशा अवाढव्य मनोऱ्यांतून जे पांढरे ढग निघतात, तो धूर नसून पाण्याची वाफ असते. धूर निघतो तो उंच चिमण्यांतून.

500 मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने तासभर चालला, तर पाच लाख युनिट वीज निर्माण होते. एका युनिटला साधारण 650 ते 700 ग्रॅम कोळसा लागतो, असे धरले तर तासाला सव्वातीनशे ते साडेतीनशे टन कोळसा जळतो. आपल्या कोळशात राखेचे प्रमाण बरेच असते. ते एक तृतीयांश धरले तरी तासाला शंभर टनांहून अधिक राख उरते. शिवाय जळणाऱ्या कोळशातील उष्णतेचे शंभर भाग केले, तर त्यांतील सुमारे पस्तीसच भागांची वीज होते. बाकीची उष्णता मनोऱ्यांतून आणि चिमण्यांतून निघून जाते. कोराडीच्या 660 मेगावॅट संचांसारखी सुपरक्रिटिकल यंत्रणा वाफेचा दाब व तापमान वाढवून हे प्रमाण काहीसे सुधारते. तरीही राख राहतेच. कारण आहे तेथे कार्य अटळ आहे, हे तथागतांनी सांगितलेले सत्य बॉयलरलाही लागू आहे.

जमाखर्च

ही वीज जाते कोठे? चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत 752 किलोमीटर लांबीची, 1500 मेगावॅट वाहून नेणारी एकदिश उच्चदाब वाहिनी 1999 पासून कार्यरत आहे. ज्या महामुंबईच्या दिशेला ती गेली, त्या महामुंबईच्या गिरण्यांत आणि कारखान्यांत आपल्याच समाजाच्या कित्येक पिढ्या राबल्या. म्हणून वीज तिकडे जाण्यास आमची हरकत नाही. वीज सर्व देशाची आहे. संविधानानेही तिला समवर्ती सूचीत स्थान दिले आहे.

परंतु जमेबरोबर खर्चही वहीत मांडला पाहिजे. 2009 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक क्षेत्रांचा सर्वंकष प्रदूषण निर्देशांक काढला. त्यात चंद्रपूरचा आकडा 83.88 होता आणि आपले शहर देशात चौथ्या क्रमांकावर होते. डिसेंबर 2015 मध्ये केंद्र शासनाने औष्णिक केंद्रांतील गंधक व नायट्रोजनच्या ऑक्साइडांसाठी कठोर मानके ठरविली; पण त्यांच्या पूर्ततेची मुदत वारंवार वाढत गेली. प्रकाश एका ठिकाणी आणि राख दुसऱ्या ठिकाणी, अशी ही वाटणी आहे. जातिव्यवस्थेनेही सन्मान एकीकडे आणि घाण दुसरीकडे अशीच वाटणी केली होती. म्हणून आपल्या डोळ्यांना ती लवकर दिसावयास हवी.

कोळसा नको तर धरण बांधा, असे कोणी म्हणेल. त्याचेही उत्तर आपल्याच प्रदेशात आहे. 1980 च्या दशकात गोदावरीवर इचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपटनम येथे धरणे बांधण्याच्या योजना पुढे आल्या. गावे आणि जंगल पाण्याखाली जाणार म्हणून आदिवासी बांधव उभे राहिले. 'मानव बचाव, जंगल बचाव' आंदोलन झाले, बाबा आमटे त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि त्या योजना थांबल्या. म्हणजे त्याच दशकात चंद्रपूरने वीज स्वीकारली आणि गडचिरोलीने जंगल राखले. दोन्ही निर्णयांच्या खुणा आज आपल्या शाळेतील मुलांच्या आयुष्यावर आहेत.

उद्याची वीज

2021 मध्ये ग्लासगो येथील परिषदेत भारताने 2070 पर्यंत कार्बनचे निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे जाहीर केले. 2025 मध्ये देशाच्या एकूण स्थापित क्षमतेतील निम्मा वाटा सौर, पवन, जल, अणू अशा बिगर-खनिज इंधनाच्या स्रोतांचा झाला. मात्र क्षमता आणि प्रत्यक्ष निर्मिती यांत फरक आहे. सौर पटल रात्री वीज देत नाही. म्हणून आजही देशात निर्माण होणाऱ्या विजेचा मोठा भाग कोळशातूनच येतो.

सौर पटलात बॉयलर नाही, टर्बाइन नाही, राख नाही. सूर्यकिरण सिलिकॉनवर पडताच त्यातील इलेक्ट्रॉन हलतात आणि वीज वाहू लागते. अडचण साठवणुकीची आहे. तीवर एक मार्ग बॅटरीचा, दुसरा उदंचन जलविद्युतचा. घाटघर येथील 250 मेगावॅटच्या प्रकल्पात विजेची मागणी कमी असताना पाणी वरच्या जलाशयात चढवतात आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून वीज निर्माण करतात. पुढील काही वर्षे कोळशाचे संच दुपारी भार कमी करून आणि सायंकाळी वाढवून या नव्या विजेला साथ देतील. नंतर ते एकेक करून बंद होतील. आपल्या केंद्रातील पहिले दोन संच बंद झाले, ही त्याची नांदीच समजावी.

सौर विजेलाही खर्च आहे. एका मेगावॅटसाठी साधारण चार-पाच एकर जागा लागते. ती जागा गडचिरोलीचे जंगल तोडून घेतली, तर जुनाच अन्याय नव्या नावाने होईल. जुन्या खाणींच्या पडीक जमिनी, शासकीय इमारती, शाळांची छपरे यांचा विचार आधी व्हावा आणि जेथे वनजमिनीचा प्रश्न येईल तेथे ग्रामसभेचा शब्द प्रथम ऐकला जावा.

आपले कर्तव्य

दहावीचा निकाल लागला की अनेक पालक आमच्याकडे येतात आणि म्हणतात, "गुरुजी, पोराला थर्मलमध्ये कुठेतरी लावून द्या." त्यांची काळजी खरी आहे. पण आज पंधरा वर्षांचा असलेला मुलगा निवृत्त होईल तेव्हा 2070 साल जवळ आलेले असेल. कंत्राटी हेल्पर म्हणून लागलेल्या मुलाला संच बंद होताच घरी बसावे लागेल. ज्याने विद्युत, यंत्र किंवा इलेक्ट्रॉनिक्स यांचे शिक्षण घेतले आहे, तो बॉयलर सोडून बॅटरीकडे वळू शकेल. म्हणून आमची पालकांना विनंती आहे, की दहावीनंतर मुलांना आणि तितक्याच आग्रहाने मुलींनाही आयटीआय, पदविका व अभियांत्रिकीकडे जाऊ द्या. पहिल्या पगाराची घाई करू नका. जे माजी विद्यार्थी आज वीज क्षेत्रात आहेत, त्यांनी वर्षातून दोन दिवस येऊन या मुलांशी बोलावे. त्यांचा एक अनुभव आमच्या दहा पाठांहून मोलाचा ठरेल.

कोणताही नवा प्रकल्प आला, मग तो कोळशाचा असो, सूर्याचा असो की अणूचा, त्याला तीन प्रश्न विचारावेत. ही वीज गरिबाला परवडेल अशी व पुरेशी आहे काय? तिच्यामुळे गरिबाचे दारिद्र्य हटेल काय? आणि तिचा भुर्दंड कोणाच्या अंगणात पडणार आहे? पहिले दोन प्रश्न बाबासाहेबांच्या 1943 च्या भाषणातून निघतात. तिसरा त्यांनीच घडविलेल्या संविधानातील समतेतून निघतो.

त्या सायंकाळी प्रश्न विचारणाऱ्या मुलाला आज आम्ही असे सांगू: बाळा, वीज आपल्या जिल्ह्यात तयार होते, पण ती कोठे जावी हे ठरविणाऱ्या टेबलाभोवती तुझ्या गावचे कोणी नव्हते. त्या टेबलाशी बसण्याइतके शिक. दिवे आले की पुस्तक पुन्हा उघड.