गच्चीचे काम आणि ठेकेदाराची पारख

रायपूर शहरातील गुढियारी हा रेल्वे स्थानकाला लागून असलेला, घाऊक बाजारपेठेमुळे गजबजलेला भाग. भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात स्थिरावलेली, तसेच पुढे रेल्वे, व्यापार आणि सरकारी नोकरीच्या निमित्ताने आलेली अनेक मराठी कुटुंबे या शहरात आहेत. दाट वस्तीत अंगणाला जागा उरत नाही. त्यामुळे घराची गच्ची हीच अंगणाची जागा घेते. पापड-कुरडया तेथेच वाळतात आणि उन्हाळ्यातील रात्रीही तेथेच सरतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि जूनच्या मध्यास पाऊस सुरू होतो. तापलेल्या छतावर एकाएकी पाणी पडले की बारीक भेगा रुंदावतात आणि खालच्या खोलीचे छत ओल धरू लागते.

अशा वेळी घाईघाईने ठेकेदार ठरविला जातो आणि चूक बहुधा येथेच होते. निवृत्तीनंतर हाती आलेल्या पुंजीतून हा खर्च होत असेल, तर ती चूक विशेष महाग पडते. गच्चीचे काम बिघडले की केवळ दिलेले पैसे जात नाहीत. लोखंडी सळ्या गंजतात, गिलावा सुटतो आणि संपूर्ण छताचेच आयुष्य घटते.

पहिली पायरी : जुने काम पाहणे

ठेकेदार नव्याने पूर्ण केलेले काम उत्साहाने दाखवितो. परंतु नवी गच्ची सर्वांचीच चांगली दिसते. किमान दोन पावसाळे काढलेले काम दाखविण्याची विनंती करावी. तेथे वर जाण्याआधी खालच्या खोलीचे छत पाहावे. ओलीचे डाग अथवा ताजा रंग आढळल्यास घरमालकाकडे चौकशी करावी. त्यानंतर गच्चीवर जाऊन तीन गोष्टी तपासाव्यात : उतार पन्हाळीकडे नीट आहे का, कठडा व गच्ची मिळतात तो कोपरा गोलाई देऊन भरला आहे का आणि पाण्याच्या नळाभोवतीची जागा बंद आहे का. गळती बहुधा याच ठिकाणी सुरू होते. घरमालकाला एक प्रश्न अवश्य विचारावा, ‘काम संपल्यावर काही बिघडले तेव्हा ठेकेदार परत आला का?’ याचे उत्तर कोणत्याही शिफारशीहून मोलाचे असते.

दुसरी पायरी : ओळख पडताळणे

ठेकेदाराचे नाव, कायमचा पत्ता आणि पॅन क्रमांक लिहून घ्यावा. पॅनमधील चौथे अक्षर ‘पी’ असेल तर तो व्यक्तीचा, ‘एफ’ असेल तर भागीदारी संस्थेचा आणि ‘सी’ असेल तर कंपनीचा असतो. जी.एस.टी. क्रमांक १५ अक्षरांकांचा असून त्यातील पहिले दोन अंक राज्याचे असतात. छत्तीसगडसाठी ते २२ आहेत. पुढील दहा स्थानांवर पॅन असतो. हा क्रमांक जी.एस.टी.च्या शासकीय संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य तपासता येतो. लहान ठेकेदाराची उलाढाल नोंदणीच्या मर्यादेखाली असू शकते. त्यामुळे नोंदणी नसणे हा दोष नव्हे. मात्र नोंदणी नसताना बिलात कर लावणे हा निश्चितच दोष होय.

तिसरी पायरी : दरपत्रकांची तुलना

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. १,००० चौरस फुटांच्या गच्चीसाठी एक ठेकेदार ९०,००० रुपये सांगतो, तर दुसरा १,२५,००० रुपये. पहिला स्वस्त वाटतो. परंतु त्याच्या दरात जुना थर काढणे (१५,००० रुपये), राडारोडा हलविणे (८,००० रुपये), कठड्याचे कोपरे भरणे (१२,००० रुपये) आणि पन्हाळी बसविणे (५,००० रुपये) धरलेले नसेल, तर एकूण खर्च १,३०,००० रुपयांवर जातो. म्हणून कामाची यादी घरमालकाने स्वतः तयार करावी आणि सर्व ठेकेदारांकडून त्याच यादीवर दर मागवावेत.

ठेकेदाराचे ज्ञान जोखण्यासाठी ‘काँक्रीटवर पाणी किती दिवस मारणार?’ असे विचारावे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या आय.एस. ४५६ या भारतीय मानकात साध्या सिमेंटसाठी किमान ७ दिवस, तर मिश्र सिमेंटसाठी किंवा उष्ण व कोरड्या हवेत किमान १० दिवस सांगितले आहेत. ‘दोन-तीन दिवस पुरेत’ असे सांगणाऱ्याकडून काम न घेणेच इष्ट.

चौथी पायरी : कराराप्रमाणे हप्ते

दिलेली रक्कम झालेल्या कामाच्या पुढे जाऊ देऊ नये. वरील १,२५,००० रुपयांची विभागणी पुढीलप्रमाणे करता येईल :

- करार झाल्यावर – १२,५०० रुपये
- जुना थर काढून भेगा भरल्यावर – ३१,२५० रुपये
- जलरोधक थर व कोबा पूर्ण झाल्यावर – ४३,७५० रुपये
- गच्चीवर ४८ तास पाणी साठवून केलेल्या चाचणीनंतर – २५,००० रुपये
- एक पावसाळा उलटल्यावर – १२,५०० रुपये

शेवटचा हप्ता ठेकेदाराला मान्य नसेल, तर स्वतःच्या कामावर त्याचा कितपत विश्वास आहे हे आपोआप कळते. सर्व रकमा धनादेशाने अथवा खात्यातून खात्यात द्याव्यात. करारात सामानाचा प्रकार, मुदत, हमीचा कालावधी आणि मजुरांच्या अपघाताची जबाबदारी स्पष्ट लिहावी. घरदुरुस्तीसाठी बँकेकडून कर्ज घ्यावयाचे असल्यास हेच तपशीलवार अंदाजपत्रक उपयोगी पडते.

तरीही वाद उद्भवल्यास

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार घरबांधणी ही ‘सेवा’ आहे. आधी लेखी पत्राने दोष कळवून दुरुस्तीसाठी मुदत द्यावी. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर सल्ला घ्यावा अथवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करावी. तक्रारीची मुदत कारण उद्भवल्यापासून दोन वर्षांची असून, सेवेचे मूल्य पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क आकारले जात नाही. अर्थात करार, पावत्या आणि छायाचित्रे जपून ठेवली असतील, तरच तक्रारीला बळ येते.

ठेकेदाराची पारख म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखविणे नव्हे. प्रामाणिक कारागिराला लेखी यादी, ठरलेले हप्ते आणि पाण्याची चाचणी यांची अडचण वाटत नाही, उलट त्यामुळे त्याच्या चांगल्या कामाची नोंद राहते. पावसाळ्याच्या तोंडावर धावपळ करण्यापेक्षा हिवाळ्यातच चार जुन्या गच्च्या पाहून घेतल्या, तर कष्टाची पुंजी आणि डोक्यावरचे छप्पर, दोन्ही सुरक्षित राहतील.