सारख्या गाड्या, वेगळे निकाल : एका मोसमाचं गणित



सातवीच्या वर्गात एकदा फळ्यावर एवढंच लिहिलं : श्वार्ट्झमन – ४ शर्यती जिंकला, आयलॉट – ३, सुनोदा – ३, शूमाकर – २. आणि विचारलं, चँपियन कोण? सगळा वर्ग एका सुरात "श्वार्ट्झमन!" म्हटलं, चँपियन शूमाकर, आणि तुमचा श्वार्ट्झमन चौथा. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, "सर, हाई कसं काय?" आजचा पाठ या प्रश्नावरच आहे.

हा २०२० चा फॉर्म्युला टू स्पर्धेचा मोसम. फॉर्म्युला वनच्या खालची ही पायरी. इथे चाकं गाडीच्या अंगाबाहेर उघडी असतात ("मडगार्ड नाही का सर?" हा प्रश्न येणारच, तयार राहा) आणि एकच माणूस बसतो. पण आपल्या कामाची गोष्ट वेगळी आहे. इथे सगळ्यांची गाडी एकाच बनावटीची असते. सांगाडा डॅलारा कंपनीचा, इंजिन मेकाक्रोमचं, टायर पिरेलीचे. संघाला इंजिन बदलता येत नाही. पंखांचा कोन, टायरमधली हवा, स्प्रिंगांची जुळणी एवढंच हातात. विज्ञानाच्या पुस्तकात आपण 'बाकीच्या गोष्टी स्थिर ठेवून एकच बदला' असं शिकवतो आणि मुलं ते पाठ करून विसरतात. इथे ते डोळ्यांसमोर धावतं.

आता गुण. त्या वर्षी १२ ठिकाणी प्रत्येकी दोन, अशा २४ शर्यती झाल्या. मोठ्या शर्यतीत पहिल्याला २५, मग १८, १५, १२, १० असे उतरत दहाव्याला १. छोट्या शर्यतीत पहिल्याला १५ आणि आठव्याला १. श्वार्ट्झमनच्या चार विजयांत दोन मोठे, दोन छोटे होते : २५+२५+१५+१५ = ८०. शूमाकरचे दोन्ही मोठे, म्हणजे ५०. वर्षअखेरीस शूमाकर २१५, आयलॉट २०१, सुनोदा २००, श्वार्ट्झमन १७७. मुलांना वजाबाकी करायला लावा. न जिंकता श्वार्ट्झमनने ९७ मिळवले, शूमाकरने १६५! इथे वर्ग खरा शांत होतो. मी उत्तर सांगत नाही, त्यांनाच बोलू देतो.

सगळ्यात गंमत शेवटच्या दिवशी. ६ डिसेंबर २०२०, बहारीनमधलं साखिर. त्या वर्षी आदल्या दिवशीच्या शर्यतीतले पहिले आठ जण छोट्या शर्यतीला उलट्या क्रमाने उभे राहायचे : आठवा सगळ्यांत पुढे, पहिला आठवा. आपल्या मुंबईचा जेहान दारूवाला दुसऱ्या जागेवरून सुटला, शूमाकर आणि टिकटमशी झुंजला आणि जिंकला. फॉर्म्युला टूमध्ये शर्यत जिंकणारा तो पहिला भारतीय. आणि शूमाकर? टायर घासून सपाट झाले, तो थेट अठरावा आला. पण आयलॉटलाही गुण मिळाले नाहीत, आणि त्याच दिवशी शूमाकर चँपियन झाला. जेहान मोसमात बारावा राहिला.

अंतराचा अंदाज येण्यासाठी : ३.५४३ किलोमीटरच्या ट्रॅकवर ३४ फेऱ्या, म्हणजे साधारण १२० किलोमीटर. जळगावहून धुळं गाठून साक्री रस्त्याला आणखी तीसेक किलोमीटर. आपली एसटी किती वेळ घेते ते मुलांना ठाऊक आहे. ही शर्यत पाऊण तासाच्या आत संपते.

वर्गात किंवा घरी करून बघा. पुठ्ठा, बाटलीची चार झाकणं, झाडूच्या दोन काड्या, रिफिलच्या रिकाम्या नळ्या. चार गटांना मोजून सारखं सामान द्या आणि चिकणमातीचा एकाच वजनाचा गोळा. गोळा कुठे चिकटवायचा एवढंच गटाने ठरवायचं. दोन विटांवर फळी टेकवा, गाड्या सोडा, अंतर मोजा. असं दहा वेळा, आणि गुण वरच्यासारखे. आमच्याकडे गोळा मागे लावलेली गाडी चारदा पहिली आली, पण तीनदा फळीवरून घसरून पडली, म्हणजे शून्य. मधोमध गोळा लावलेल्या गटाने एकदाच पहिला नंबर काढला आणि एकूण गुणांत तोच पुढे. भांडण जोरात झालं. होऊ द्या. फक्त काड्या सरळ आहेत का ते आधी तपासा, नाहीतर 'सारखं सामान' हेच खोटं ठरतं.

एक गोष्ट लपवू नका. गाड्या सारख्या असल्या तरी त्या गाडीत बसेपर्यंतचा रस्ता सारखा नसतो. लहानपणापासून कार्टिंग, मग परदेशात संघ, खर्च कोटींत. जेहान २०११ मध्ये फोर्स इंडियाच्या शोधमोहिमेत निवडलेल्या तिघांपैकी एक. पुढे फॉर्म्युला टूचे चार मोसम खेळला, तरी फॉर्म्युला वनची जागा मिळाली नाही.

हे सांगत असताना एका मुलीने विचारलं, "आणि सर, जो शर्यतीला आलाच नाही त्याला?" शून्य, मी म्हणालो. ती गप्प बसली. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणीला घरच्यांसोबत ती तीन आठवडे शेतात होती, आणि माझ्या वहीत तिच्या तीन चाचण्यांपुढे शून्यच होतं. प्रश्नपत्रिका सगळ्यांना सारखी होती, हे मी अभिमानाने सांगायचो.

त्या संध्याकाळी वही काढली. तीन शून्यं खोडली, शेजारी 'गैरहजर' लिहिलं आणि पुढच्या सोमवारी तिला त्याच तीन चाचण्या पुन्हा दिल्या. हे नियमात बसतं का, यावर आमच्या शिक्षकखोलीत अजून एकमत नाही.