सव्वाशे धावांची लढत

अरबस्तानाच्या पूर्व बाजूस, इराणच्या आखाताला लागून, शारजा नावाचे एक लहानसे राज्य आहे. संयुक्त अरब अमिरातीच्या सात घटक राज्यांपैकी ते एक होय. तेथे पाऊस क्वचितच पडतो. गावाबाहेर पडावे तो सर्वत्र वाळूच वाळू. अशा भूमीत क्रिकेटसाठी हिरवेगार क्रीडांगण तयार करावे, ही कल्पना कोणालाही विलक्षणच वाटेल. परंतु अब्दुल रहमान बुखातिर या व्यापाऱ्याच्या मनाने ती घेतली होती. त्यांचे शिक्षण कराचीत झाले होते व या खेळाची गोडी त्यांना तेथेच लागली होती. 1981 पासून त्यांनी शारजात निवृत्त खेळाडूंच्या मदतीसाठी सामने भरवण्यास आरंभ केला. एप्रिल 1984 मध्ये भारत, पाकिस्तान व श्रीलंका या तीन देशांची पहिली आशिया चषक स्पर्धा याच मैदानावर झाली. अवघ्या तीन सामन्यांची ती स्पर्धा भारताने जिंकली.

या सामन्यांना प्रेक्षक कोठून येत? आखाती देशांत पोटासाठी गेलेले भारतीय आणि पाकिस्तानी लोक पुष्कळ होते. कोणी केरळचे, कोणी पंजाबचे, कोणी आपल्या रत्नागिरीकडचे. आठवडाभर राबणाऱ्या या माणसांना शुक्रवार हा सुटीचा दिवस. त्या दिवशी मैदान फुलून जाई आणि एकाच कट्ट्यावर दोन्ही देशांचे झेंडे फडकत.

मार्च 1985 मध्ये येथे चार राष्ट्रांची एक छोटी स्पर्धा झाली. भारत, पाकिस्तान, ऑस्ट्रेलिया व इंग्लंड हे तिचे चार संघ. आठ दिवसांत चार सामने, एवढाच तिचा पसारा! पहिल्या सामन्यात जो हरेल, त्याला चषकाची आशा उरत नसे. भारताची पहिली गाठ पडली ती पाकिस्तानशी. केवळ बारा दिवसांपूर्वी, 10 मार्चला, मेलबर्न येथील एका मोठ्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात भारताने पाकिस्तानला आठ गडी राखून नमवले होते. त्या पराभवाचा सल पाकिस्तानच्या खेळाडूंच्या मनात ताजा असणार, हे उघड होते. मेलबर्नला भारताचा कर्णधार होता मुंबईचा सुनील गावसकर. विजयानंतर त्याने ते पद आपण होऊन सोडले होते. शारजात कपिलदेव कर्णधार होता आणि गावसकर त्याच्या हाताखाली खेळत होता.

22 मार्च, शुक्रवार. भारताची फलंदाजी प्रथम होती. इम्रान खानच्या हाती नवा चेंडू होता. उंचापुऱ्या इम्रानची धाव लांबून सुरू होई आणि वेगाने येणारा त्याचा चेंडू ऐन वेळी आत वळे. सामन्याच्या पहिल्याच चेंडूवर रवी शास्त्री पायचीत झाला. त्यानंतर श्रीकांत, वेंगसरकर, गावसकर, अमरनाथ असे एकामागून एक मोहरे इम्राननेच टिपले. धावफलकावर 34 धावा लागल्या आणि भारताचा निम्मा संघ तंबूत परतला. तेव्हा मोहम्मद अझरुद्दीन आणि कपिलदेव यांनी डाव सावरला. अझरुद्दीनने 47 आणि कपिलदेवने 30 धावा केल्या. बाकी कोणाचीच मोठी खेळी झाली नाही. त्रेचाळिसावे षटक पुरे होण्याच्या आत भारताचा डाव 125 धावांत आटोपला. इम्रानने दहा षटकांत केवळ 14 धावा देऊन सहा गडी बाद केले होते.

आता गणित पाहावे. पाकिस्तानला पन्नास षटकांत, म्हणजे तीनशे चेंडूंत, 126 धावा हव्या होत्या. दर दोन चेंडूंस एक धाव काढली तरी विजय हाती येऊन वर चेंडू उरले असते. पाकिस्तानच्या पाठीराख्यांनी मैदानात जल्लोष आरंभला होता, तो काही अवाजवी नव्हता.

परंतु धावा कमी असल्या म्हणजे क्षेत्ररक्षकांनाच त्या राखाव्या लागतात. गावसकर स्लिपमध्ये उभा होता. फलंदाजाच्या बॅटीची कड लागून येणारा चेंडू तेथे निमिषात पोचतो; विचार करायला सवड नसते. फलंदाजीत अवघ्या दोन धावा करून परतलेल्या या माजी कर्णधाराने त्या दिवशी एकूण चार झेल टिपले. पाकिस्तानचा कर्णधार जावेद मियांदाद शास्त्रीच्या फिरकीवर त्याच्याच हाती सापडला, तोही शून्यावर. मग लक्ष्मण शिवरामकृष्णन या एकोणीस वर्षांच्या पोराने इम्रान खानला पुढे यायला लावले. चेंडू बॅटीला चकवून मागे गेला आणि सदानंद विश्वनाथने क्षणात यष्ट्या उडवल्या. सकाळी भारताची दाणादाण उडवणारा वीर एकही धाव न काढता परतला!

रमीझ राजाने 29 धावांपर्यंत झुंज दिली. तो गेल्यावर शेपूट गुंडाळायला कपिलदेवला फारसा वेळ लागला नाही. त्याने 17 धावांत तीन गडी बाद केले. तेहतिसाव्या षटकात पाकिस्तानचा डाव 87 धावांवर संपला. भारत 38 धावांनी विजयी झाला. सामन्याचा उत्कृष्ट खेळाडू म्हणून मात्र इम्रान खानचीच निवड झाली. पराभूत संघातील खेळाडूला हा मान क्वचित मिळतो. या वेळी त्याविषयी कोणाचे दुमत असण्याचे कारण नव्हते.

दुसरा उपान्त्य सामना 24 मार्चला झाला. इंग्लंडचे नेहमीचे बरेच खेळाडू आले नव्हते. त्यांचा कर्णधार नॉर्मन गिफर्ड पंचेचाळिशीला टेकला होता. ज्या वयात खेळाडू बहुधा प्रेक्षकांत बसतात, त्या वयात त्याने एकदिवसीय सामन्यात पदार्पण केले! त्याच्या संघाने ऑस्ट्रेलियाला अखेरच्या चेंडूपर्यंत झुंजवले. ऑस्ट्रेलिया दोन गडी राखून जिंकली. पुढे तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात पाकिस्तानने इंग्लंडला हरवले.

29 मार्चला, पुन्हा शुक्रवारीच, अंतिम सामना झाला. ऑस्ट्रेलियाचा संघ 139 धावांत बाद झाला. याही वेळी लक्ष्य लहान होते, पण आता ते भारतापुढे होते. एक, दोन, तीन असे करता करता भारताचे सात गडी बाद झाले. शेवटी चाळिसाव्या षटकात विजयाची धाव निघाली, तेव्हा भारताच्या 140 धावा झाल्या होत्या आणि तीन गडी शिल्लक होते.