केळ्याची साल आणि पाण्यातले शिसे

पाणी उकळले, फडक्याने गाळले, की आपण निर्धास्त होतो. उकळण्याने रोगजंतू मरतात हे खरे. परंतु पाण्यात शिसे किंवा कॅडमियम विरघळलेले असेल तर उकळून काहीच साधत नाही. थोडे पाणी वाफ होऊन जाते, धातू तेवढाच राहतो. जपानमधील जिंझू नदीच्या खोऱ्यात खाणीतले कॅडमियम भातशेतीत उतरले आणि लोकांची, विशेषतः वयस्क स्त्रियांची, हाडे ठिसूळ झाली. त्या रोगाचे नावच 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय'. १९६८ साली जपान सरकारने कॅडमियम हे कारण मान्य केले. मी इतिहासाचा विद्यार्थी. रसायनशास्त्राच्या वाटेला गेलो तो या नावामुळे.

कारखान्याच्या सांडपाण्यात चुना घालून धातूंचा साका खाली बसवतात. धातू पुष्कळ असेल तेव्हा ही रीत चांगली. थोडासाच अंश उरला की ती लंगडी पडते, आणि कृत्रिम राळ वापरावी तर ती महाग. तेथे केळ्याच्या व संत्र्याच्या साली, भाताची तुसे, लाकडाचा भुसा असा उकिरड्याचा माल कामी येतो. सालीतल्या पेक्टिनमध्ये आम्लगट असतात. त्यांनी कॅल्शियम, पोटॅशियम असे कण धरून ठेवलेले असतात. शिसे भेटले की ते हे कण सोडतात आणि शिशाला धरतात. आपल्या जुन्या मोडीवाल्याचाच हा व्यवहार! पाणी फार आम्लधर्मी असेल तर मात्र हायड्रोजनचे कणच जागा अडवतात आणि सौदा फिसकटतो. म्हणूनच सौम्य आम्लाने धुतल्यावर साल धातू परत देते व पुन्हा वापरता येते. ब्राझीलमधील संशोधकांनी २०११ साली केळ्याच्या सालीच्या भुकटीने पाराना नदीच्या पाण्यातले तांबे व शिसे वेचून दाखवले.

पण शिसे नाहीसे झालेले नसते. ते पाण्यातून सालीत गेलेले असते. ती साल उकिरड्यावर टाकली आणि गुरांनी खाल्ली, तर आपण काय मिळवले? या प्रश्नाला बगल देऊन केलेले सालींचे कौतुक मला पटत नाही.

आणि कोणी घरच्या घागरीत साल टाकू नये. ती कुजते, पाण्याला रंग व वास येतो, आणि शिसे गेले की नाही हे चवीवरून कळत नाही. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या लिटरभर पाण्यात शिशाची मर्यादा ०.०१ मिलिग्रॅम आहे. ती प्रयोगशाळेतच मोजावी लागते.