सातवा फास

सप्टेंबर संपत आला की आमच्या आजरा तालुक्यातल्या डोंगराकडच्या शिवारात कुणाला धड झोप नसते. भुईमुगाची शेंग भरलेली असते आणि तिचा वास आपल्याआधी रानडुकरांना लागतो. चार वर्षांपूर्वी एका रात्रीत कळपाने माझ्या वीस गुंठ्यांतला निम्मा भुईमूग उलथवला. सकाळी बांधावर उभा राहिलो तर ओल्या मातीत मुस्काटाने पाडलेले चर, सोलून टाकलेली टरफलं आणि त्यात पिल्लांच्या खुरांचे बारीक ठसे. चार महिन्यांची मेहनत मातीत गेली होती. राग आला. त्या रागाला मी आजही चूक म्हणत नाही. चूक झाली ती त्यानंतर.

गावातल्या एकाने उपाय सांगितला. गॅरेजमधून मोटारसायकलच्या जुन्या क्लचवायरी आणायच्या, सरकगाठ मारायची आणि कुंपणाला जिथे जिथे वाट पडली आहे तिथे झुडपाच्या बुंध्याला बांधून ठेवायच्या. खर्च जवळजवळ नाहीच. मी सात फास लावले. पहिल्या रात्री काही नाही, दुसऱ्या रात्री काही नाही. ‘डुकरांनी वाट बदलली असेल’ म्हणून तिसऱ्या दिवशी बघायलाच गेलो नाही.

चौथ्या दिवशी सकाळी ओढ्याच्या अंगाने कण्हल्यासारखा आवाज आला. शेजारच्या वाटणीतल्या काकूंचा कुत्रा वाघ्या फासात होता. तार बरगड्यांच्या मागे कमरेत बसलेली. सुटायच्या धडपडीत तो झाडाभोवती फिरत राहिला होता, त्यामुळे तार बुंध्याला गुंडाळून हातभर उरली होती. सभोवारची जमीन उकरून गोल उघडी पडली होती. तार चावून हिरड्या फाटल्या होत्या. मला ओळखून तो माझ्याकडे यायला निघाला आणि तार आणखी रुतली. मी मागे सरलो, झाडाआड झालो, तेव्हा कुठे तो थांबला.

काकूंना बोलावलं. त्यांनी त्याच्या तोंडावर घोंगडं टाकून डोकं मांडीवर घेतलं आणि मी पकडीने बुंध्याजवळ तार तोडली. कमरेतली तार आम्ही ओढली नाही. ती तालुक्याच्या पशुवैद्यकांनी भूल देऊन काढली. वाघ्या जगला. पण मागचा एक पाय ओढत चालतो आणि माझ्या बांधावर पाय ठेवत नाही.

खरी गोष्ट काकूंनी नंतर सांगितली. वाघ्या रोज रात्री आमच्या दोघांच्याही रानात फेरी मारायचा आणि डुकरांना ओढ्यापलीकडे हुसकून यायचा. म्हणजे माझंच रान राखणाऱ्याला मी फासात धरलं होतं. मी म्हणालो, “काकू, डुकरासाठी लावला होता.” त्या म्हणाल्या, “आरं, फासाला डोळं नसत्यात. तुला हाईत न्हवं?”

वाघ्या सापडला त्याच दुपारी फास काढायला निघालो. वाघ्याचा धरून सहा हाती आले, सातवा सापडेना. पाऊस झाला होता, गवत वाढलं होतं आणि कुठे बांधला ते मला आठवेना. तीन दिवस काठीने झुडपं चाचपत हिंडलो. सापडला तेव्हा तो गुडघ्याएवढ्या उंचीवर तसाच उघडा होता, वैरणीला जाणाऱ्या बायकांच्या पायवाटेपासून दोन हातांवर. त्या तीन रात्री मी झोपलो नाही. वनरक्षकांना मी स्वतःच बोलावलं, साती तारा त्यांच्या ताब्यात दिल्या आणि जबाब लिहून दिला.

त्यांनी कायदा समजावून सांगितला, तो प्रत्येक शेतकऱ्याला माहीत असायला हवा. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे शिकार म्हणजे केवळ बंदूक नव्हे. फास लावणं, सापळा लावणं, विष घालणं, आमिष टाकणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं ही शिकारच. फास रिकामा राहिला तरी सुटका नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. त्याच्या शिकारीला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याच फासात बिबट्या किंवा गवा अडकला तर तो पहिल्या अनुसूचीतला प्राणी. तिथे कैद किमान तीन वर्षं, सात वर्षांपर्यंत, वर किमान पंचवीस हजार दंड. आमच्या भागात दोन्ही फिरतात. कोण अडकणार हे आपल्या हातात नसतं, शिक्षा मात्र आपल्याच नावावर होते.

मग पीक डुकरांच्या हवाली करायचं का? मुळीच नाही. याच कायद्याच्या कलम ११ मध्ये उभ्या पिकाचं नुकसान करणाऱ्या दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत परवानगीची तरतूद आहे. त्यासाठी वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात अर्ज करावा. परवानगी लेखी आणि कारणांसह असते, तोंडी होकाराला अर्थ नाही. अशा परवानगीने मारलेला प्राणीही सरकारी मालमत्ता असतो. मांस वाटून घ्यायचं नसतं. नुकसानभरपाईसाठी त्याच दिवशी कळवा, पंचनामा होईपर्यंत रान आवरू नका, ठशांसह फोटो काढा, सातबारा जवळ ठेवा. उशीर झाला की पाऊस पुरावा धुऊन नेतो.

राखणीचं म्हणाल तर मी आता झटका मशीन बसवलं आहे. बॅटरीवरचं हे मशीन साधारण सेकंदाला एकदा, क्षणभराचाच झटका सोडतं. जनावर दचकतं, मरत नाही. डुक्कर नाक खाली घालून चालतं, म्हणून सर्वांत खालची तार जमिनीपासून वीतभरच हवी. तारेला गवत टेकलं की झटका मातीत उतरतो, म्हणून दर आठवड्याला खालचं गवत कापावं लागतं. सौर कुंपणासाठी श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अनुदान आहे. आपलं गाव त्यात बसतं का हे वनविभागात विचारा. पण खांबावरून आकडा टाकून थेट लाईन तारेत सोडू नका. त्या तारेला जनावर चिकटतं तसंच पहाटे पाणी पाजायला निघालेला आपला माणूसही चिकटतो. कुंपणाला बांधलेल्या साड्या, उग्र वास, फटाके यांना डुकरं काही दिवसांत सरावतात. त्यापेक्षा चार शेजाऱ्यांनी पाळीने जागायचं आणि शेंग तयार झाली की काढणी लांबवायची नाही, याचा गुण अधिक येतो.

पीक डुकरांसारखे उंदीरही खातात, म्हणून आता उंदरांकडे वळू. त्यांना मारायला वन्यजीव कायद्याची आडकाठी नाही, पण म्हणून कसंही मारावं असं नाही. पिठाच्या गोळ्यांत विष कालवून बांधावर टाकणं हा फासाचाच भाऊ आहे. त्यालाही डोळे नसतात. कोंबडी, मांजर, पोर, कुणीही उचलतं.

मी आता असं करतो. संध्याकाळी बांधावरची सगळी बिळं चिखलाने बुजवतो. सकाळी जी उकरलेली दिसतात तीच जिती. गेल्या वर्षी भाताच्या बांधावर एकतीस बुजवली, सकाळी अकराच उघडी होती. म्हणजे वीस बिळांतलं विष वाचलं. उघड्या बिळांत दोन दिवस नुसतं तेल लावलेलं भरडलेलं धान्य ठेवायचं, म्हणजे उंदीर निर्धास्त होतो. तिसऱ्या दिवशी शहाण्णव भाग धान्य, दोन भाग तेल आणि दोन भाग झिंक फॉस्फाईड. दहा-दहा ग्रॅमच्या कागदी पुड्या बिळात आत सरकवून तोंड बंद करायचं. हातात मोजे, ढवळायला काठी, घरातलं भांडं नाही. या विषावर उतारा नाही, हे पोरांनाही सांगून ठेवा. दुसऱ्या दिवशी मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरायचे. ब्रोमॅडिओलोन हे दुसरं उंदरांचं विष खाल्लेला उंदीर मरायला काही दिवस घेतो आणि तोवर झिंगत उघड्यावर फिरतो. त्याला खाणाऱ्या गव्हाणी घुबडालाही ते विष बाधतं. घुबड आणि धामण हे आपले फुकटचे राखणदार आहेत. घुबडासाठी मी रानात बांबूचे पक्षीथांबे रोवतो आणि दाणे भरले की काढतो, नाहीतर त्यावर दाणे खाणारी पाखरं बसतात. बांधही अरुंद ठेवले, त्यामुळे बिळं करायला जागाच कमी राहिली.

घरात आणि खळ्यावर पिंजराच बरा. चिकट पुठ्ठा आणू नका. त्यावर उंदीर कातडी सोलवटून घेत तासन् तास तडफडतो आणि पाल, चिमणी, सापही चिकटतात. पिंजरा भिंतीच्या कडेला, सावलीत ठेवा आणि उजाडताच बघा. अडकलेला जीव दिवसभर उपाशी-तहानलेला ठेवायचा नाही, पाण्यात बुडवायचा नाही. मारायचं तर एका घावात.

शेवटी पुन्हा फासाचं: कुठे फासात वन्यप्राणी दिसला तर जवळ जाऊ नका, गर्दी हटवा आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. पाळीव जनावर असेल तर तोंडावर कापड टाका, तार बुंध्याकडून तोडा, रुतलेली तार डॉक्टरांवर सोडा.

वाघ्याच्या जागी आता मी आणि काकूंचा मुलगा पाळीने फेरी मारतो. खळ्यावरच्या खुंटीला एक वही टांगलेली असते. त्यात संध्याकाळी मांडलेल्या पिंजऱ्यांचा आकडा लिहितो, सकाळी उचललेल्यांचा लिहितो. काल मांडले पाच, आज उचलले पाच. हे दोन आकडे जुळले की मगच चहा घेतो.